एकाच ढिगातला कांदा खाऊन गाय आडवी, शेळ्या ठणठणीत : लाल पेशींची एक केस

गाय एचएफ क्रॉस (होल्स्टीन संकरित), तिसऱ्या वेताची, व्यायला चार महिने झालेले, वजन अंदाजे ४०० किलो, दोन्ही वेळचं मिळून १४ लिटर दूध. ठिकाण निफाड तालुक्यातली एक वस्ती, लासलगाव मार्केटपासून फार लांब नाही. महिना सप्टेंबर. महिना मुद्दाम सांगतोय, कारण आपल्याकडे सप्टेंबरात दोन भानगडी एकदम असतात, एक तर कांदाचाळीत साठवलेला उन्हाळ कांदा पावसाच्या दमट हवेने सडायला आणि कोंब धरायला लागतो, आणि दुसरं म्हणजे गोचीड मातलेले असतात. दोन्हींमुळे गाय लाल मुतू शकते, आणि दोन्हींची ट्रीटमेंट पूर्ण वेगळी. मालकांना विचारून लिहितोय, नाव-गाव नको म्हणाले म्हणून देत नाही.

सकाळी फोन आला, "डॉक्टर, गाय लाल मुतते, कालपासून वैरणीला तोंड लावत नाही, दूध पाच लिटरवर आलं." पोचलो तेव्हा गाय उभी होती पण मान खाली, चालवली तर मागचे पाय लटपटत होते. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली तर गुलाबी असायला हवी तिथे कागदासारखा रंग आणि त्यावर किंचित पिवळसर झाक. ठोके मिनिटाला ११२, श्वास ४४. ताप १०१.४, म्हणजे तापच नाही. लघवी गोठ्याच्या कोब्यावर पडली तेव्हा काळपट कॉफीसारखी दिसली, फेस मात्र लालसर. आणि तोंडाजवळ गेलो तर कांद्याचा वास, असा की कोणीतरी आत्ताच पाटीभर कांदा चिरलाय.

चाऱ्याला काय घालता विचारलं तर उत्तर ठरलेलंच, मका, मुरघास, सरकी पेंड, थोडा कडबा. कांदा कोणी सांगत नाही हो. आपल्या भागात कांदा जनावराला घालणं हे चारा घालणं समजलंच जात नाही, ते उकिरड्यावर टाकण्याऐवजी गव्हाणीत टाकणं असतं. म्हणून "चारा काय" एवढंच विचारून भागत नाही, "चाळ कधी फोडली" असं विचारावं लागतं. मग कळलं की आठवड्यापूर्वी चाळ फोडून निवड केली, चांगला माल मार्केटला गेला, भाव पडलेला असल्याने गोल्टी-चिंगळीला, म्हणजे बारीक कांद्याला, कोणी विचारेना, म्हणून कोंब आलेला आणि डागी माल असा सगळा मिळून गोठ्यालगत ओतला. सुरुवातीला सकाळ-संध्याकाळ दोन-दोन घमेली घालत होते. तीन दिवसांपूर्वी ढीग मोठा झाला आणि तो या गायीच्या दावणीच्या टप्प्यात आला, मग ती रात्रभर मान लांब करून खात राहिली, कारण कांदा गायींना आवडतो, एकदा चटक लागली की मका सोडून तेच खातात.

हिशोब करून पाहिला. कांद्यात पाणीच पाणी, कोरडा भाग बारा-तेरा टक्के. २५ किलो कांदा म्हणजे कोरडा माल साधारण ३ किलो. या वजनाची दुभती गाय दिवसाला कोरडं म्हणून १२ किलोच्या आसपास खाते. म्हणजे २५ किलो कांद्यावरच पाव हिस्सा झाला, आणि गायींसाठी कांद्याची जी वरची मर्यादा सांगतात ती हीच, एकूण कोरड्या चाऱ्याच्या २५ टक्के. नुसत्या घमेल्यांवर ती या रेषेजवळ होती, ढीग हाताशी आल्यावर रेषा कधीच मागे पडली. आजी दारात बसून ऐकत होत्या, म्हणाल्या, "कांदा काय इख आहे का, मी जन्मभर भाकरीबरोबर खाल्ला." प्रश्न बरोबर आहे. पण ४०० किलोच्या गायीने २५ किलो खाणं म्हणजे साठ किलोच्या माणसाने रोज पावणेचार किलो कच्चा कांदा खाण्यासारखं, ते पण आठवडाभर. आजी म्हणाल्या, "मग बरोबर आहे."

तरी वासावरून केस बंद करायची नाही असं माझं मत आहे, कारण गाय कांदा खाऊनही गोचीड तापाने आजारी पडू शकते, एकाला दुसऱ्याची मनाई नाही. लाल लघवी म्हटलं की आपल्याकडे पहिलं नाव बबेसियाचं येतं, म्हणजे गोचिडांतून लाल पेशीत शिरणाऱ्या परजीवीचं, आणि बऱ्याच ठिकाणी तपासणी न करता थेट त्यावरचं बेरेनिल टोचलं जातं. इथे बबेसियाच्या विरोधात पहिली गोष्ट म्हणजे ताप नव्हता, बबेसियात सुरुवातीला १०५-१०६ पर्यंत चढतो. गोचीड अंगावर होते पण मोजके, कासेजवळ आणि कानात. दुसरा संशय फॉस्फरस कमी पडून होणाऱ्या लाल लघवीचा, पण ती बहुतेक वेळा व्यायल्यानंतर पहिल्या महिना-दीड महिन्यात दिसते, म्हशींमध्ये जास्त, इथे चार महिने उलटलेले. लेप्टोस्पायरा वगैरे जिवाणूंचे आजार डोक्यात ठेवले पण तापाशिवाय आणि एवढ्या झपाट्याने, जरा अवघड.

आधी लघवीचा सोक्षमोक्ष. काचेच्या ट्यूबमध्ये लघवी भरून गोठ्याच्या कट्ट्यावर उभी ठेवली. मूत्रमार्गातून रक्तस्राव असेल तर लाल पेशी हळूहळू तळाशी बसतात आणि वरचं पाणी निवळतं. तासाभराने पाहिलं, तळाला काही नाही, वरपासून खालपर्यंत तोच रंग. म्हणजे पेशी नाहीत, पेशी फुटून बाहेर पडलेलं हिमोग्लोबिन आहे. आता स्नायूंचं मायोग्लोबिन पण असंच दिसतं, ते ओळखायला रक्त लागतं. मानेच्या शिरेतून रक्त घेतलं, बारीक कॅपिलरी ट्यूब भरून सेंट्रिफ्यूजमध्ये पाच मिनिटं फिरवली. लाल पेशींचा थर १३ टक्के. गायीत तो २४ ते ४६ असतो, दुभत्या क्रॉस गायीत तिशीच्या आसपास धरा. आणि वरचा प्लाझ्मा, जो गायीत फिकट पिवळा असतो, तो गुलाबी सरबतासारखा. मायोग्लोबिन रक्तात टिकत नाही, लगेच किडनीतून निघून जातं, प्लाझ्मा रंगत नाही. त्यामुळे शंका मिटली, पेशी रक्तातच फुटतायत.

हिमोग्लोबिन ५.२ आलं. इथे एक गंमत आहे, ५.२ ला १३ ने भागून शंभरने गुणलं की ४० येतात, म्हणजे पेशीतल्या हिमोग्लोबिनची तीव्रता (रिपोर्टवर एमसीएचसी) नॉर्मलपेक्षा जास्त. लाल पेशी आधीच हिमोग्लोबिनने ठासून भरलेली असते, तिच्यात अजून कोंबायला जागा नाही, त्यामुळे असा आकडा आला की समजायचं मशीनने पेशीबाहेर मोकळं फिरणारं हिमोग्लोबिनही हिशोबात धरलंय. रिपोर्टवर बरेच जण ही ओळ वाचतच नाहीत, पण पेशी फुटल्याचा तो स्वस्तातला पुरावा आहे.

मग स्मिअर, म्हणजे काचेवर ओढलेला रक्ताचा पातळ थर. गिम्सा रंग देऊन पाहिलं, बबेसियाचे ते जोडीने बसलेले नासपतीच्या आकाराचे जीव कुठेच नाहीत, गोचिडांतूनच येणारे बाकीचे दोघे, थायलेरिया नाही, ॲनाप्लाझ्माचे कडेचे ठिपके नाहीत. पण पेशी विचित्र होत्या. काहींचा सगळा रंग एका बाजूला सरकलेला आणि दुसरी बाजू रिकामी फोडासारखी, काही नुसत्या पुसट कडा, आत काही नाही, ज्याला घोस्ट सेल म्हणतात. खरी गोष्ट दिसते ती दुसऱ्या रंगाने. एक थेंब रक्त, एक थेंब न्यू मिथिलीन ब्लू, छोट्या ट्यूबमध्ये मिसळून पंधरा मिनिटं ठेवायचं, मग त्याचा स्मिअर ओढून मायक्रोस्कोपच्या ऑइल इमर्शन भिंगाखाली. पेशी फिकट हिरवट-निळ्या दिसतात आणि त्यांच्या आतल्या कडेला चिकटलेला गडद निळा गोळा, कधी एक, कधी दोन-तीन, काही ठिकाणी तर पेशीच्या कडेतून फुगवटा बाहेर आलेला. शंभर पेशी मोजल्या त्यात साठच्या वर पेशींत हे गोळे. हेच हाइन्झ बॉडी, रॉबर्ट हाइन्झ या जर्मन डॉक्टरांनी १८९० मध्ये वर्णन केलेले. निदान तिथेच झालं. ज्यांच्याकडे मायक्रोस्कोप आहे पण हा रंग नाही त्यांनी तो मागवून ठेवावा, गिम्सामध्ये हे गोळे आजूबाजूच्या हिमोग्लोबिनच्याच रंगाचे दिसतात आणि डोळ्यासमोरून निसटतात.

आता हा गोळा म्हणजे काय आणि कांद्याने तो का होतो, यासाठी लाल पेशीचं घर आतून बघावं लागेल, आणि मला या केसमध्ये सर्वात जास्त हाच भाग आवडतो.

सस्तन प्राण्यांची लाल पेशी हे एक अजब प्रकरण आहे. कोंबडी घ्या, बेडूक घ्या, मासा घ्या, सगळ्यांच्या लाल पेशीत केंद्रक असतं. गाय, शेळी, कुत्रा, उंट, माणूस, यांच्यात नसतं. (उंटाची पेशी लंबगोल असते म्हणून लोकांना वाटतं तिच्यात केंद्रक असेल, पण नाही.) हाडांच्या मगजात पेशी तयार होताना शेवटच्या टप्प्यात ती आपलं केंद्रक बाहेर ढकलून देते आणि शेजारी बसलेला मॅक्रोफेज (कचरा गिळणारी पेशी) ते गिळून टाकतो. मग ऊर्जा बनवणारे मायटोकॉन्ड्रिया जातात, प्रोटीन बनवणारे रायबोझोम जातात. राहते एक पिशवी, तिच्या वजनाचा जवळजवळ एक तृतीयांश भाग हिमोग्लोबिन. जागा मोकळी झाली, पेशी वाकायला-मुडपायला सोपी झाली, बारीक केशवाहिन्यांतून निघायला बरी, हे फायदे. पण किंमत अशी की या पेशीला आता नवीन प्रोटीन बनवता येत नाही. काही बिघडलं तर दुरुस्तीचा नवा भाग तयार करायचा कारखानाच नाही. जन्माच्या वेळी बांधून दिलेल्या शिदोरीवर तिला माणसात १२० दिवस, गायीत १३० ते १६० दिवस काढायचे असतात.

आणि काम काय, तर ऑक्सिजन वाहून नेणं, म्हणजे गंजवणारी वस्तूच दिवसरात्र अंगावर घेऊन फिरणं. हिमोग्लोबिन सतत थोडं थोडं ऑक्सिडाइझ होत असतं. त्यावर उपाय म्हणून पेशीत ग्लुटाथायोन असतं, जे स्वतः ऑक्सिडाइझ होऊन हिमोग्लोबिनला वाचवतं, आणि वापरलेलं ग्लुटाथायोन परत ताजं करायला एनएडीपीएच लागतं, जे ग्लुकोजपासून एका बाजूच्या रस्त्याने तयार होतं, त्या रस्त्यावरचं पहिलं एन्झाइम जी-सिक्स-पीडी. माणसांमध्ये जी-सिक्स-पीडीची कमतरता असलेल्या मुलांना डांबरगोळ्यांनी काविळ होते, मलेरियाच्या प्रायमाक्विनने रक्त फुटतं, ते याच रस्त्यावरच्या अडथळ्यामुळे. गायीच्या बाबतीत एन्झाइम ठीक असतं, पण माऱ्यापुढे कमी पडतं.

मारा कुठून येतो? कांद्यात गंधकाची संयुगं असतात. कांदा चिरला, चावला, की ती फुटून नवी संयुगं तयार होतात, डोळ्यात पाणी आणणारी त्यातलीच. गायीच्या पोटात, म्हणजे रुमेनमध्ये, तिथले जिवाणू हे काम आणखी पुढे नेतात आणि डायसल्फाइड जातीची संयुगं तयार होऊन रक्तात जातात. ती ग्लुटाथायोन संपवतात, मग हिमोग्लोबिनच्या गंधकवाल्या टोकांना पकडतात, हिमोग्लोबिन वळतं, साखळी उलगडते, आणि त्याचा न विरघळणारा गोळा होऊन पेशीच्या आतल्या पडद्याला चिकटतो. हा तो निळा गोळा. आता ही पेशी लवचिक राहत नाही. काही पेशी वाहत्या रक्तात तिथल्या तिथे फुटतात, त्यातून गुलाबी प्लाझ्मा आणि काळपट लघवी. बाकीच्या प्लीहेत मॅक्रोफेज पकडून खातात, त्यातून बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य आणि पापणीवरची पिवळी झाक. या गायीत दोन्ही एकाच वेळी चालू होतं.

शिजवल्याने हे संपत नाही. कांद्याची भाजी, भजी, ग्रेव्ही खाल्लेल्या कुत्र्यांतही असंच होतं, कुत्र्यात किलोला १५ ते ३० ग्रॅम कांदा पुरेसा, मांजरात ५ ग्रॅम. मांजराचं हिमोग्लोबिन याबाबतीत फारच हळवं, त्याच्यावर आठ अशी गंधकवाली टोकं असतात जी सहज पकडली जातात, कुत्र्यात चार, बाकी बहुतेक प्राण्यांत दोन. त्यामुळे धडधाकट मांजराच्या स्मिअरमध्येही थोडे हाइन्झ गोळे सापडतात आणि नवखा माणूस घाबरतो. घरी मांजर असेल तर उरलेला रस्सा तिला घालू नका, बास.

मालकांना सगळ्यात जास्त खटकलेला प्रश्न असा की कांदा आठवड्यापासून चालू, गाय कालपर्यंत दूध देत होती, मग एका रात्रीत असं कसं? एका रात्रीत नाही. गोळे पहिल्या एक-दोन दिवसांतच व्हायला लागतात, पेशी मात्र त्यानंतर काही दिवस फुटत राहतात, आणि रक्त सर्वात कमी होतं ते अजून पुढे. लघवी लाल दिसली त्या दिवशी नुकसान करून झालेलं असतं, आणि त्याच दिवशी कांदा बंद केला तरी ज्या पेशींत गोळे बसलेत त्या जाणारच, त्यांना वाचवणारं औषध नाही. याचा साधा अर्थ असा की ट्रीटमेंट सुरू केल्यावरही गाय आणखी खाली जाणार, आणि हे मालकाला पहिल्याच दिवशी सांगितलं पाहिजे, नाहीतर दुसऱ्या दिवशी दुसरा डॉक्टर येतो, तिसरं इंजेक्शन पडतं.

रक्त तयारच होत नसेल असं कोणी म्हणालं तर त्याचाही हिशोब आहे. गायीची पेशी १५० दिवस जगते धरली तर रोज दीडशेतली एक जाते. मगज पूर्ण बंद पडला तरी आठवड्यात ३० चं साडेअठ्ठावीस होईल. इथे ३० च्या घरातून १३. एवढी घसरण उत्पादन थांबल्याने होऊच शकत नाही, ती तोडफोडच. म्हणून "रक्तवाढीचं" लोहाचं इंजेक्शन मी दिलं नाही, मालक दोनदा म्हणाले तरी नाही. लोह कमी पडलेलंच नव्हतं, थोडं लघवीतून गेलं असेल, पण प्लीहेत फुटलेल्या पेशींचं लोह शरीरातच राहतं आणि मगज तेच पुन्हा वापरतो.

पहिल्या दिवशी केलं ते इतकंच, कांदा पूर्ण बंद, ढीग हलवला, गायीला सावलीत मोकळ्या हवेत बांधली, पुढ्यात हिरवा मका आणि गूळपाणी, शिरेतून सलाइन, म्हणजे किडनीतून जाणारं हिमोग्लोबिन पातळ होऊन वाहून जाईल आणि नळ्या तुंबणार नाहीत. निरोगी गायीच्या रक्तात हॅप्टोग्लोबिन हे प्रोटीन जवळजवळ नसतंच, ते आजार-सूज आली की वाढतं, त्यामुळे पेशीबाहेरच्या हिमोग्लोबिनला धरून ठेवणारं कोणी सुरुवातीला नसतं आणि ते थेट लघवीत उतरतं. व्हिटॅमिन ई-सेलेनियम दिलं, पण बरं होण्याचं श्रेय मी त्याला देणार नाही. एका ओळखीच्याने मिथिलीन ब्लू सुचवलं, नायट्रेटच्या विषबाधेत देतात तसं. रक्त चॉकलेटी दिसत नव्हतं, म्हणजे मेथहिमोग्लोबिन (ऑक्सिडाइझ झालेलं, ऑक्सिजन न वाहणारं हिमोग्लोबिन) फार नव्हतं, आणि मिथिलीन ब्लू स्वतःच ऑक्सिडाइझ करणारं रसायन आहे, जास्त झालं तर तेही हाइन्झ गोळे करतं, त्यामुळे इथे ते द्यायचा प्रश्नच नव्हता. आणि एक सक्त ताकीद, गायीला चालवायची नाही, पळवायची नाही, दवाखान्यात टेम्पोत घालून न्यायची नाही. माणसाला ॲनिमिया झाला की त्याच्या लाल पेशीत डीपीजी नावाचा पदार्थ वाढतो आणि हिमोग्लोबिन ऑक्सिजन सैल सोडतं, हळूहळू जुळवून घेतलं जातं. गाय, शेळी, मेंढी यांच्या पेशीत डीपीजी फारच कमी, त्यांचं हिमोग्लोबिन त्याला दादही देत नाही. त्यामुळे गायीच्या हातात मुख्यतः हृदय जोरात चालवणं हाच उपाय उरतो, आणि ठोके आधीच ११२ वर गेलेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाल पेशींचा थर १० टक्के. ठोके १२४, गाय बसलेली, उठवलं तर उठली पण लगेच परत बसली. इथे रक्त द्यायचं ठरवलं. गावाकडे गायीला रक्त देतात हे ऐकून लोक चाट पडतात, पण ते अवघड नाही. गायींमध्ये अकरा रक्तगट पद्धती आहेत, त्यातल्या बी पद्धतीतच इतके प्रकार की जुळणारी गाय शोधणं जवळपास अशक्य, पण आपल्यासारखे ए-बीच्या विरोधातले जोरदार तयार अँटीबॉडी त्यांच्यात बहुतेक नसतात, म्हणून पहिल्या वेळचं रक्त सहसा पचतं. दाता म्हणून शेजारच्या वस्तीवरची, कांद्याला तोंड न लावलेली, चांगल्या अंगाची गाय मिळाली. तिचा स्मिअर आधी पाहिला, क्रॉस गायीत थायलेरिया लपलेला असतो आणि आपणच तो टोचून बसायचो. मानेच्या शिरेतून ४ लिटर काढलं, सोडियम सायट्रेट ३.८ टक्के, नऊ भाग रक्ताला एक भाग, बाटली सतत हळू हलवत ठेवायला मालकांचा मुलगा. सुरुवातीचं पावशेर-अर्धा लिटर अगदी थेंब थेंब दिलं आणि थांबून बघितलं, थरथर नाही, लाळ नाही, अंगावर गांधी नाहीत, श्वास तोच. मग बाकीचं सोडलं.

किती वाढणार याचा अंदाज आधीच मालकांना दिला होता. गायीचं स्वतःचं रक्त ३० लिटर धरा, १० टक्क्याने पेशी ३ लिटर. दात्याच्या ४ लिटरमध्ये ३० टक्क्याने १.२ लिटर. मिळून ४.२ लिटर पेशी, ३४ लिटरमध्ये, म्हणजे १२ आणि थोडं. संध्याकाळी आलं १३. एवढ्यासाठी एवढा खटाटोप? हो, कारण १० वरून आणखी खाली गेली असती तर गेली असती. दिलेल्या पेशी गायीत काही दिवसच टिकतात, तेवढे दिवस विकत घ्यायचे असतात, मगज जागा होईपर्यंत.

तिसऱ्या दिवशी १३, चौथ्या दिवशी १२, पण लघवी निवळली आणि गायीने स्वतःहून मक्याला तोंड लावलं. दुधाचा कांद्याचा वास तोवर गेलेला. पाचव्या दिवशीचा स्मिअर बघण्यासारखा होता. त्याच न्यू मिथिलीन ब्लूमध्ये आता हाइन्झ गोळेवाल्या पेशी वीसाच्या आत, आणि त्यांच्यामध्ये मोठ्या, नव्या पेशी, आत निळं जाळं पसरलेलं. रेटिक्युलोसाइट. केंद्रक टाकून नुकत्याच बाहेर पडलेल्या, रायबोझोम अजून शिल्लक असलेल्या. निरोगी गायीच्या रक्तात या जवळजवळ दिसतच नाहीत, तिच्या पेशी मगजातच पिकून बाहेर येतात, म्हणून गायीत थोड्या जरी दिसल्या तरी मगज कामाला लागला असं धरायचं. (घोडा तर त्याहून कडक, कितीही रक्त गेलं तरी तो कच्ची पेशी बहुतेक बाहेर सोडतच नाही.) गिम्साच्या स्लाइडवर निळे बारीक ठिपके असलेल्या पेशी दिसल्या, गायीत तेही चांगलंच लक्षण. आकडा अजून १२ वरच होता, पण त्या दिवशी मी मालकांना सांगितलं की आता सलाइन नको.

आठव्या दिवशी १६, चौदाव्या दिवशी २१, महिन्याने २८. दूध १२ लिटरवर परत आलं, पूर्वीच्या १४ वर अजून नाही.

शेजारच्या दावणीची दुसरी गाय ढिगापासून लांब होती, तिला फक्त घमेल्यातला कांदा मिळायचा. दिसायला ठीक, दूध थोडंसं कमी, लघवी साफ. तिचंही रक्त घेतलं, थर २३ आणि शंभरात अठरा पेशींत गोळे. कोणाला कळलंही नसतं. माझा अंदाज असा की आपल्या पट्ट्यात दर पावसाळ्याच्या शेवटी अशा बऱ्याच गायी असतात, ज्यांचं दूध "असंच" कमी होतं.

आणि शेळ्या. दोन होत्या, मोकळ्या, त्याच ढिगावर चढून खात होत्या. एकीचं रक्त घेतलं. शेळीची पेशी आधीच सगळ्या पाळीव जनावरांत बारीक, तीन-चार मायक्रॉनची, गायीची साडेपाच-सहा, त्यामुळे स्लाइडवर नजर बसायला वेळ लागतो. मोजके गोळे सापडले, रक्त मात्र नॉर्मल. शेळ्या-मेंढ्या कांदा गायीपेक्षा बराच जास्त सोसतात हे जुनं निरीक्षण आहे, मेंढ्यांना भरपूर कांदा घातला तर गोळे होतात, थोडा ॲनिमियाही होतो, पण त्या सावरतात. यात रुमेनमधले जिवाणू त्या गंधकाच्या संयुगांना सरावतात हा एक भाग सांगितला जातो. नुसती लाल पेशी मजबूत म्हणून असं म्हणता येत नाही, कारण मेंढीच्या लाल पेशीत जी-सिक्स-पीडी उलट कमीच असतं. मालक म्हणाले, मग उरलेला ढीग शेळ्यांनाच घालू का. सडका, काळी बुरशी आलेला अजिबात नको म्हटलं, तो खड्ड्यात गेला. चांगला कोंबाचा माल शेळ्यांना रोज थोडा, बाकी चाऱ्याबरोबर. गायींना कापून, मक्यात मिसळून, दिवसाला चार-पाच किलोच्या वर नाही, आणि या गायीला पुढचं वेत होईपर्यंत शून्य. ढीग आता गोठ्याच्या मागे, मध्ये लोखंडी जाळी लावलीय, तरी परवा गेलो तेव्हा ती मान वाकडी करून जाळीला तोंड लावूनच उभी होती.